मुठीतली धार

डेअरीवर दूध घातले की हातात पावती पडते. तिच्यावर तारीख असते, सकाळ की संध्याकाळ ते असते, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर आणि शेवटी रक्कम असते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९, हे प्रमाण धरून महाराष्ट्रात दर ठरतो. आकडा त्याखाली घसरला की पैसे कापतात. ते दूध काढले कोणी, हे मात्र पावतीवर कुठेच नसते. जामखेड तालुक्यात वस्त्या-वस्त्यांवर फिरताना ही गैरहजेरी मला फार खुपते. पावतीवरचे जवळपास सगळे आकडे दूध डेअरीत पोचायच्या अर्धा तास आधी गोठ्यात ठरून गेलेले असतात. ते ठरवणारा हात बहुतेक घरांत बाईचा असतो आणि पावती निघते ती घरातल्या पुरुषाच्या नावाने.

जामखेड हा अहिल्यानगर जिल्ह्याचा आग्नेय कोपरा. शेजारी बीड, धाराशिव आणि सोलापूरचे करमाळे. बालाघाटाच्या उतरत्या रांगा, मुरमाड रान आणि भरवसा नसलेला पाऊस. जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांनी ऊस आणला, ऊस साखर कारखाने घेऊन आला, मागोमाग मोठे दूध संघ उभे राहिले. जामखेडच्या वाट्याला ज्वारी आली, ज्वारीचा कडबा आला आणि त्या कडब्यावर तगणारी जनावरे आली. इथे गोठा म्हणजे बहुधा दोन गायी, एखादी म्हैस, चार शेळ्या. दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे या पट्ट्यात पुष्कळ. जोडपे कारखान्यावर गेले की घरी राहिलेल्या म्हाताऱ्या सासूच्या गळ्यात नातवंडे पडतात आणि धाराही. शेतातले बाकी काम एक दिवस मागे-पुढे चालते. धार चालत नाही. घरात लग्न असो की मयत, दोन्ही वेळेला कुणीतरी गायीखाली बसावेच लागते.

कासेत दूध भरलेले असते आणि सड दाबला की ते येते, असे ज्यांनी कधी धार काढली नाही त्यांना वाटते. प्रत्यक्षात गायीच्या कासेतल्या दुधाचा साधारण पाचवा हिस्साच खालच्या पोकळीत, सडाच्या वर उतरलेला असतो. उरलेले वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्यांत अडकून असते. एक लिटर दूध बनायला चारशे-पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते, आणि इतक्या कष्टाने बनलेले ते दूध खाली सोडायचे की नाही हे गाय ठरवते. वासराने ढुशी दिली, कोमट पाण्याचा हात कासेवरून फिरला, चरवीचा आवाज कानी पडला किंवा रोजची व्यक्ती आंबोणाची पाटी घेऊन समोर आली, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते. मिनिटभरात ते कासेपर्यंत पोचते. त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात, दूध खाली येते, सड टणक होतात. गाय पान्हावली.

या पान्ह्याला मुदत असते. पाच-सात मिनिटांत त्याचा जोर ओसरतो, तेवढ्यात कास रिकामी झाली पाहिजे. आणि याच वेळात कुणी काठी उगारली, अंगणात अनोळखी माणूस मोठ्याने बोलू लागला, कुत्रे अंगावर धावून आले, तर भीतीने रक्तात उतरणारे ॲड्रेनलिन सगळे अडवून धरते. गाय पान्हा चोरते, मग कितीही पिळा. म्हणून जाणती बाई गोठ्यात शिरताना आवाज देत शिरते. ‘थांब गं, आले गं, झालंच गं बाय’ असे तिचे चालूच असते. ती एकाच बाजूने, गायीच्या सवयीच्या बाजूने जवळ जाते, आधी पाठीवर हात ठेवते, मग कुशीवर, मग कासेवर. जनावरांशी बोलण्याची ही रीत भाबडेपणा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्या बोलण्यावर पान्हा आणि पान्ह्यावर घरातला दुधाचा पगार अवलंबून असतो.

आता मूठ. गायीखाली उकिडवे बसायचे, चरवी दोन गुडघ्यांत धरायची, कपाळ तिच्या कुशीला टेकवायचे. कपाळ टेकवण्यात माया असेलही, पण त्यात एक सोयही आहे. लाथ मारण्याआधी गायीच्या मांडीचा स्नायू ताणला जातो आणि तो ताण कपाळाला आधी कळतो. मग अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करून सडाच्या मुळाशी आवळायचे, म्हणजे सडात उतरलेले दूध परत वर जात नाही. त्यानंतर मधले बोट, अनामिका आणि करंगळी याच क्रमाने, वरून खाली, मिटायची. दूध दाबाने बाहेर पडते. मूठ सैल सोडली की वरचे दूध पुन्हा सडात भरते. दोन हात दोन सडांवर, एक मिटताना दुसरा उघडलेला. नवा माणूस हटकून सड खाली ओढतो, चार थेंब काढतो आणि पाचव्याला लाथ खातो.

रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तेव्हा भांडे खणकन वाजते. दोन बोटे दूध चढले की आवाज जाडा होतो, फेस धरला की बसका. चांगल्या हाताची लय या आवाजात पक्की ऐकू येते. घरातला म्हातारा बाजेवर पडल्या पडल्या सांगतो, आज डाव्या हाताला दूध कमी येतंय, मागचा सड बघ.

मुठीशिवाय आणखी दोन रीती चालतात. पहिलारू गायीचे सड इतके लहान असतात की मूठ बसत नाही, तिथे चिमटीत धरून निपटावे लागते. दुसरी रीत अंगठा मुडपण्याची. अंगठ्याचे पेर आत वळवायचे आणि त्याच्यावर सड दाबायचा. जोर चांगला मिळतो, म्हणून पुरुष मंडळी म्हशीखाली बसली की सर्रास अंगठा मुडपतात. या रीतीवर माझा राग आहे. पेराच्या हाडाखाली सडाची आतली नाजूक त्वचा रोज दोनदा चिरडली जाते, आत जाडी धरते, गाठ होते, धार वाकडी पडायला लागते आणि चार-पाच वेतांची म्हैस दोन वेतांत बाजाराला लागते. पशुवैद्यक पूर्ण मुठीची रीत शिकवतात ती याच कारणाने. हाताला तेल, तूप किंवा दूध लावून काढण्याची सवयही मोडायला हवी. ओल्या हातावरून घाण ओघळून थेट चरवीत पडते. कोरडा हात, कापलेली नखे आणि धुऊन पुसलेली कास एवढ्याने अर्धे काम होते.

फॅटचे गणित इथेच, या पाच-सात मिनिटांत होते. पहिल्या धारेचे दूध पातळ असते, फॅट एक-दोन टक्क्यांच्या घरात. स्निग्धांश वरच्या पिशव्यांत धरून राहतो आणि शेवटी उतरतो, त्यामुळे अखेरच्या धारांची फॅट पहिल्यांच्या कितीतरी पट भरते. घाई झाली, गाडी सुटेल म्हणून शेवटचा अर्धा लिटर कासेतच राहिला, तर नुकसान अर्ध्या लिटराचे नसते. सगळ्या चरवीची फॅट खाली येते. डेअरीवर फॅट कमी लागली की दोष पेंडीवर जातो, नाहीतर संघाच्या मशीनवर. कित्येकदा कारण शेवटच्या धारेत असते.

वासराला आधी सोडायचे की नंतर, हा वाद यातूनच घरोघरी चालतो. आधी पाजले तर पान्हा चांगला सुटतो आणि वासराच्या पोटात पहिले पातळ दूध जाते. शेवटी सोडले तर वासरू तृप्त होते, पण फॅट त्याच्या पोटात जाते. बहुतेक शहाणी घरे दोन्ही करतात. आधी दोन घोट पान्ह्यापुरते, मग धार, मग एक सड वासरासाठी राखून. व्यायल्यानंतरच्या पहिल्या चिकाबाबत मात्र वादाला जागा नाही. गायीच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती चिकातूनच येते, आणि जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच त्याचे आतडे ती शोषून घेऊ शकते. जार पडल्याशिवाय चीक पाजू नये ही समजूत अजून काही घरांत आहे. तिने पुष्कळ वासरे मारली आहेत. खरवस हवा तितका करावा, शेजारीपाजारी वाटावा, पण वासराचे पोट भरल्यावर.

वासरूच मेले तर? जुन्या काळी मेलेल्या वासराच्या कातड्यात भुसा भरून ते गायीपुढे उभे करत. गाय त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. याहून अघोरी प्रकार होता फुंका घालण्याचा, गायीच्या योनीत हवा फुंकून तिला पान्हावायला लावण्याचा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात या फुंक्याचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि तो गुन्हा आहे. दूध उतरवण्यासाठी इंजेक्शन टोचणेही त्याच कलमात बसते. तरी ऑक्सिटोसिनच्या कुप्या चोरून विकल्या जातात. ज्या गायीला रोज सुईने पान्हा आणला जातो ती हळूहळू सुईवाचून पान्हावत नाही. जे काम कोमट पाणी, आंबोण आणि पाठीवरचा हात मिनिटभरात करतो त्यासाठी तिला दिवसातून दोनदा टोचायचे, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

म्हैस आणखी अवघड. तिच्या खालच्या पोकळीत दूध जवळजवळ नसतेच, विसाव्या हिश्शाइतके असेल नसेल. म्हणजे पान्हा नाही तर काहीच नाही. पान्हावायला ती गायीहून जास्त वेळ घेते, सडाचे तोंडही घट्ट, त्यामुळे तिच्या धारेला मनगट लागते. माणसाची सवय तिला इतकी जडते की एकीच्या हाताची म्हैस दुसऱ्याला जवळ उभे करत नाही. घरची बाई माहेरी गेली तर म्हणूनच पंचाईत होते. तिचे लुगडे अंगावर घेऊन धारेला बसलेले दीर आणि नवरे या भागात पुष्कळांनी पाहिले आहेत. आणि याच म्हशींच्या जातीत पंढरपुरी म्हैस आहे, तलवारीसारख्या लांब शिंगांची, जी कुठेही उभी राहून दूध देते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक ग्लासातले धारोष्ण दूध तिथेच उभ्याने पितात. भर रस्त्यावर, रिक्षांच्या आवाजात, पारडू जवळ नसताना ती पान्हावते. त्यामागे गवळ्यांच्या कित्येक पिढ्यांचे हात आहेत.

शेळीचे उलटे. तिचे बहुतेक दूध खालीच उतरलेले असते, त्यामुळे करडू असो नसो, माणूस नवा असो जुना असो, ती दूध देते. सड दोनच, वेळ दोन मिनिटांचा. जामखेडच्या माळावर दिसते ती बहुतेक काळी उस्मानाबादी, दिवसाला लिटरभराच्या आतबाहेर देणारी. हे दूध डेअरीला फारसे जात नाही. ते घरातल्या चहाला आणि लहानग्याच्या वाटीला जाते, म्हणून कुठल्याच नोंदीत येत नाही. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी याच तालुक्यात. ज्या धनगर समाजात त्या जन्मल्या, त्यातली मेंढपाळ कुटुंबे आजही वाड्यावर उतरली की शेळीची धार काढतात, तांब्यात किंवा सरळ चहाच्या पातेल्यात.

दुधाळ जनावर विकत घ्यायचे म्हणजे या तालुक्यातला माणूस श्रीगोंद्याचा काष्टीचा बाजार गाठतो, म्हशीसाठी घोडेगाव. तिथे हाताची खरी परीक्षा लागते. विकणारा आदल्या वेळची धार चुकवून गाय आणतो. कास तटतटलेली, शिरा फुगलेल्या, गिऱ्हाईक पाहताच भुलते. जाणता माणूस कासेच्या आकाराकडे बघतच नाही. तो खाली बसतो, चारही सडांतून दोन-दोन धारा तळहातावर घेतो. धार सरळ पडते की फाटते, एखाद्या सडातून कमी येते का, तळहातावर पाणी आणि गुठळी वेगळी दिसते का, एवढे बघतो. मग कास पिळून रिकामी करायला लावतो आणि रिकाम्या कासेवर हात फिरवतो. रिकामी कास मऊ, लोंबती पडली पाहिजे. आत टणक गाठ हाताला लागली तर त्या बाजूचे दूध गेलेले असते. चारही भाग एकमेकांपासून वेगळे असतात, एकाचे दूध दुसऱ्यात जात नाही, त्यामुळे एक सड गेला की चौथा हिस्सा कायमचा गेला. मागच्या दोन सडांत पुढच्यांपेक्षा जास्त दूध असते, तेव्हा मागचा गेला तर तोटा मोठा.

सड घालवणारा रोग दगडी. संकरित गायी जितक्या वाढल्या तितकी तिची धास्ती वाढली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी तयार केली. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभ्या केलेल्या बाएफ या संस्थेने संकरित वासरे खेड्यापाड्यांत पोचवली. एका वेळेला दोन लिटर देणारी गाय जाऊन आठ-दहा लिटर देणारी आली. दूध वाढले तशी कास मोठी झाली, जमिनीला जवळ आली, आणि शेणा-मुतातले जंतू सडाच्या तोंडातून आत जायला वाव मिळाला. रात्री बरी असलेली गाय सकाळी कासेला हात लावू देत नाही, कास तापलेली, एक बाजू दगड झालेली, धारेत गुठळ्या किंवा रक्त.

हाताने धार काढणाराला मात्र याची चाहूल एक-दोन दिवस आधी लागते. कासेचा एक भाग किंचित गरम, सड दाबताना गाय पाय उचलते, धार नेहमीपेक्षा जरा कमी. ही चाहूल पकडली तर उपचार सोपा, खर्च थोडा. पकडण्यासाठी एक सोपी युक्ती आहे आणि ती प्रत्येक गोठ्यात हवी. पहिल्या दोन-तीन धारा जमिनीवर सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या धारा पायाखाली न सोडता काळे फडके ताणून बांधलेल्या वाटीत घ्यायच्या. काळ्यावर पांढरी गुठळी लगेच दिसते. जमिनीवर सोडल्या तर गुठळी दिसत नाही आणि जंतू दुसऱ्या गायीच्या सडाला लागायला मोकळे राहतात. आजारी गायीची धार सगळ्यांच्या शेवटी काढायची. धार झाली की सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचे, कारण सडाचे तोंड त्यानंतर अर्धा तास उघडे असते. आणि त्याच वेळी पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे गाय तोंड मिटेपर्यंत खाली बसत नाही. वैरण आधी टाकावी की धारेनंतर, या साध्या प्रश्नात एक सड वाचतो.

कास आणि हात यांच्यातल्या संसर्गाने एकदा जगाचे भलेही केले. गायीच्या सडावरचे देवीचे फोड धार काढणाऱ्यांच्या हातावर उठत, आणि ज्यांना ते उठत त्यांना माणसांची देवी होत नाही, हे इंग्लंडच्या गवळणींना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होते. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस जेम्स फिप्स या मुलाला टोचली. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानात देवीची लस लागू पडलेले ते पहिले मूल. तिच्या दंडावरच्या फोडातून ती पुढे इतरांना देण्यात आली. जगातल्या पहिल्या लशीचा शोध धार काढणाऱ्या एका बाईच्या हातावर लागला, एवढे तरी शाळेच्या पुस्तकात ठळक छापायला हवे.

दुष्काळात धार काढणे काय असते ते जामखेडने १९७२ पासून अनेकदा पाहिले. २०१९ च्या उन्हाळ्यात या भागात चारा छावण्या उघडल्या तेव्हा माणसे दावणीसकट गाव सोडून छावणीत राहायला गेली. शेडनेटचे छप्पर, पाण्याचा टँकर, मोजून मिळणारा ऊस आणि पेंड. नव्या जागी, शेकडो अनोळखी जनावरांच्या गलक्यात गायी पान्हा चोरतात, आटतात. उसाचे वाढे खाऊन दूध पातळ होते. तरी सकाळ-संध्याकाळ छावणीत धारा निघत होत्या, कारण बाकी सगळे उत्पन्न बंद असताना दर दहा दिवसांनी हातात येणारा पैसा तेवढाच होता. २०२२ ला जनावरांना लम्पी रोग आला तेव्हा तो पैसाही आटला. अंगावर गाठी आलेल्या गायीला हात लावायचीही लोकांना धास्ती वाटायची.

आणि मशीन? स्कॉटलंडच्या विल्यम मर्चलँडने १८८९ मध्ये हवेच्या ओढीवर चालणारे दूध काढायचे यंत्र बनवले. सुरुवातीच्या यंत्रांची ओढ अखंड असे, त्याने सडांत रक्त साकळायचे. पुढे ओढ थांबवून पुन्हा सुरू करणारा पल्सेटर आला, विसाव्या शतकाच्या आरंभी दुहेरी कप्प्याचा कप आला, आणि यंत्र वापरण्याजोगे झाले. आज जे मिल्किंग मशीन आपल्या गोठ्यांत दिसते त्याचे मूळ तत्त्व तेच आहे. सडाभोवतीची रबरी नळी मिनिटाला साठेक वेळा मिटते आणि उघडते. हात दूध दाबून काढतो, मशीन ओढून काढते, वासरू दोन्ही करते.

मशीनच्या विरोधात मी मुळीच नाही. आठ-दहा लिटरच्या चार गायी दोन्ही वेळा हाताने काढणाऱ्या बाईची बोटे रात्री बधिर होतात, मुंग्या येतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, भाकरी थापताना हात उचलत नाही. अशा घरात मशीन आलेच पाहिजे, आणि ट्रॅक्टरच्या हप्त्याआधी आले पाहिजे. पण मशीन आले म्हणून हात सुटत नाही. कास धुऊन पान्हा आणायला हात लागतो. पहिल्या धारा वाटीत तपासायला हात लागतो. दूध संपल्यावर कप वेळेत काढला नाही तर मशीन रिकामा सड ओढत राहते, तेव्हा कास कधी रिकामी झाली हे ओळखायलाही हातच लागतो. पहाटे पाचला वीज गेली की पुन्हा मूठ. शिवाय दोन गायी आणि चार शेळ्यांच्या गोठ्यात मशीन परवडतच नाही, आणि जामखेडमध्ये असेच गोठे जास्त.

दुधाची पारख फॅट मशीनखेरीजही होते, हे इथून जवळच पाहायला मिळते. खर्ड्याच्या पुढे हद्द ओलांडली की भूम तालुका लागतो, खव्याच्या भट्ट्यांचा. कुंथलगिरीचा पेढा तिथला. गायीच्या पाच लिटर दुधाला साधारण किलोभर खवा पडतो. घन पदार्थ कमी असलेले दूध कढईत लगेच उघडे पडते. शेवटची धार कासेत सोडून आलेले दूध भट्टीवाला कढईतल्या खव्यावरून ओळखतो.

याच जामखेडमध्ये १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळाचे वजन, गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ हाताने बाळंतपण, हे सगळे त्या शिकल्या आणि आपापल्या गावात करू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे डॉक्टर या बायकांकडून शिकायला जामखेडला येऊ लागले. जिला अक्षर येत नाही तिच्या हाताला विज्ञान येऊ शकते, हे सिद्ध करायला जामखेडला बाहेरचा दाखला आणावा लागत नाही.

तेव्हा इथल्या दूध संस्थांकडे माझे मागणे आहे. दगडीचे शिबिर भरते तेव्हा निरोप खातेदाराला जातो, म्हणजे पुरुषाला. तो येतो, चहा घेतो, पत्रक घडी घालून खिशात ठेवतो. कासेला रोज दोनदा हात लावणारी त्या वेळी वैरण आणायला गेलेली असते. शिबिर तिच्यासाठी, तिच्या सोयीच्या वेळेला, दुपारी वस्तीवर भरवा. काळ्या फडक्याची वाटी आणि आयोडिनचा कप पेंडीच्या पोत्याबरोबर द्या. आणि दुधाचे खाते तिच्या नावाने उघडा, दहा दिवसांचा पगार तिच्या बँकेत जमा करा. २०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले तेव्हा ते थेट दूध उत्पादकाच्या बँक खात्यात जमा करायचे ठरले होते. ज्या संगणकावर त्या याद्या तयार झाल्या, त्यातला नावाचा रकाना बदलायला नवा कायदा लागत नाही.